‘काका, टेकन घ्या, सोपं आहे’

एखादा खेळ ‘सोपा आहे’ असं कुणी सांगितलं, की तो त्याने कितव्या वर्षी शिकला हे आधी विचारून घ्यावं. प्रस्तुत लेखकाला टेकन हा फायटिंग गेम घेण्याचा सल्ला शेजारच्या विंगमधल्या एका इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याने दिला. हा मुलगा शाळेत असल्यापासून टेकन खेळतो, ही माहिती मात्र फार उशिरा बाहेर आली. ‘काका, टेकन घ्या. स्ट्रीट फायटरमध्ये बोटांची वाट लागते. टेकनमध्ये नुसती बटणं बडवली तरी माणूस जिंकतो,’ हे त्याचे शब्द. बोटांबद्दल तो बोलला ते खरं आहे. बटणं बडवण्याबद्दलही खरं आहे, पण फार थोडा वेळ. तो वेळ कधी संपतो, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

लेखक त्यानंतर बरेच फायटिंग गेम हरला आहे. त्या अधिकाराने एवढं सांगता येईल, की कोणता सोपा आणि कोणता अवघड असं विचारून नवख्याच्या हाती काही लागत नाही. अवघड सगळेच आहेत. फक्त प्रत्येकाचा अवघडपणा वेगळ्या जागी असतो, आणि काहींचा दिसत नाही.

स्ट्रीट फायटरचा दिसतो. १९९१ साली आलेल्या ‘स्ट्रीट फायटर २’ने सहा बटणांची पद्धत रूढ केली: तीन ताकदींचे ठोसे आणि तीन ताकदींच्या लाथा. रियू या पात्राचा हादोकेन हा फटका सोडायचा तर आधी खाली, मग तिरकं पुढे, मग पुढे आणि लगेच ठोसा, हे सगळं अंगठ्याच्या एका फिरकीत. शोरयुकेनला आधी पुढे, मग खाली, मग तिरकं. सुरुवातीला शोरयुकेन मागितला की हादोकेन मिळतो आणि हादोकेन मागितला की रियू नुसता बसून उठतो. चिडचिड होते, अंगठा सोलवटतो. पण काय जमत नाही ते समोर दिसत असतं, त्यामुळे सराव कशाचा करायचा हे कुणाला विचारावं लागत नाही.

शिवाय २ जून २०२३ रोजी आलेल्या ‘स्ट्रीट फायटर ६’मध्ये ‘मॉडर्न’ नावाची सोय आहे. तिच्यात एका बटणावर हादोकेन निघतो. मोबदल्यात अशा शॉर्टकटने मारलेल्या खास फटक्याचा मार वीस टक्क्यांनी कमी होतो, आणि पात्राचे काही फटके मिळतच नाहीत. सौदा वाईट नाही. सल्लागाराचं मत वेगळं होतं. ‘मॉडर्न म्हणजे चीटिंग आहे, काका.’ जी सोय स्ट्रीट फायटर बनवणाऱ्या कॅपकॉमने स्वतः दिली आणि जी स्पर्धांतही चालते, ती चीटिंग कशी, याचं उत्तर अजून मिळालेलं नाही.

तर टेकन.

नाम्कोने १९९४ साली आणलेल्या या खेळात चार बटणं आहेत आणि प्रत्येक बटण एका अवयवाचं: डावा हात, उजवा हात, डावा पाय, उजवा पाय. काहीही दाबा, पडद्यावर काहीतरी देखणं घडतंच. ‘टेकन ३’मधला कापोएरा खेळणारा एडी गोर्डो तर यासाठी जगभर बदनाम झाला, कारण दोन्ही लाथांची बटणं वेड्यासारखी दाबणाऱ्या पोरानेही त्याला घेऊन मोठ्या भावाला हरवलेलं असायचं. लेखकाचाही पहिला आठवडा असाच मजेत गेला. रविवारी सकाळी सामने, सोबत पोहे. पोहे अर्थातच लेखकाच्या घरचे.

त्यानंतर सल्लागार खरा खेळू लागला.

२६ जानेवारी २०२४ रोजी ‘टेकन ८’ बाजारात आला तेव्हा त्यात ३२ पात्रं होती, आणि बहुतेकांच्या यादीत शंभराच्या वर फटके. आपल्या पात्राचे दहा-बारा शिकून भागतं. समोरच्याचे मात्र सगळे ओळखावे लागतात, कारण प्रत्येक फटका हाय, मिड किंवा लो असतो. हाय उभ्याने अडवता येतो आणि वाकलं तर डोक्यावरून जातो. मिड वाकलेल्याला बसतो. लो वाकूनच अडवावा लागतो. कोणता फटका कोणत्या जातीचा, हे सामना चालू असताना पडद्यावर लिहून येत नाही. टेकनचा अवघडपणा हा असा, पाठांतरातला. नवख्याला वाटतं आपले हात कमी पडले, म्हणून तो आणखी जोरात बटणं बडवतो.

सल्लागाराकडे चार फटक्यांची एक स्ट्रिंग होती. दर रविवारी, दर राउंडला तीच. पहिले तीन फटके अडवले तरी चौथा यायचा, तो अडवल्यावर लेखकाने प्रतिहल्ला केला तर तोही उशिरा पोचायचा, आणि पुन्हा पहिल्यापासून तीच स्ट्रिंग सुरू. ‘हे थांबवायचं कसं?’ असं त्याला स्वच्छ विचारलं होतं. त्यावर पोह्यांवरचं ओलं खोबरं बाजूला काढत तो म्हणाला, ‘खेळत राहा काका, हळूहळू येईल.’ पुढच्या रविवारी पुन्हा विचारलं. ‘सगळं सांगून शिकता येत नसतं ना, काका.’ हे सांगताना चेहऱ्यावर जो समजूतदारपणा होता, तो आजही आठवला तरी कानशिलं तापतात.

शेवटी एका रात्री घरातले झोपल्यावर लेखकाने सराव मोड उघडला, समोर सल्लागाराचं पात्र उभं केलं आणि त्याला तीच स्ट्रिंग पुन्हा पुन्हा मारायला लावली. सराव मोडमध्ये प्रत्येक फटक्याची जात पडद्यावर लिहून येते. पहिला हाय. दुसरा मिड. तिसरा मिड. चौथा हाय. म्हणजे तिसरा अडवल्यावर नुसतं वाकायचं होतं. चौथा डोक्यावरून जातो, समोरचा रिकामा उघडा राहतो, आणि मग त्याला खालून वर उचलून हवं ते करता येतं. उत्तर एका शब्दाचं होतं: ‘वाका.’ इतके रविवार पोहे खाणाऱ्या मुलाला तेवढा एक शब्द जड झाला.

पुढच्या रविवारी लेखक वाकला. सल्लागार पहिल्यांदा ‘लकी’ म्हणाला. दुसऱ्यांदा काहीच बोलला नाही. तिसऱ्यांदा त्याने कंट्रोलर खाली ठेवला आणि म्हणाला, ‘तुमच्या टीव्हीला लॅग आहे.’ एकाच सोफ्यावर, एकाच टीव्हीसमोर दोघं बसलेले, आणि लॅग फक्त त्याला!

एवढं मात्र मान्य करायला हवं, की टीव्हीचा लॅग ही खरी भानगड आहे. चित्र गुळगुळीत करण्याच्या नादात बरेच टीव्ही ते किंचित उशिरा दाखवतात. सेटिंगमध्ये ‘गेम मोड’ असतो, तो पहिल्याच दिवशी चालू करावा. हेही सल्लागाराने जिंकत होता तोवर सांगितलं नव्हतं.

त्याचा दुसरा लाडका मुद्दा वयाचा. ‘तुमच्या वयात रिफ्लेक्स स्लो होतात, काका.’ आता हिशोब बघा. हे खेळ सेकंदाला साठ फ्रेमने चालतात. टेकनमधला जलद जॅब बहुधा दहाव्या फ्रेमला लागतो, म्हणजे सेकंदाच्या सहाव्या भागात. ‘स्ट्रीट फायटर ६’मध्ये रियूचा हलका ठोसा चौथ्याच फ्रेमला. डोळ्याने पाहून बोट हलायला माणसाला साधारण पाचवा ते चौथा भाग सेकंद लागतो. म्हणजे विशीतला पोरगाही जॅब पाहून अडवत नाही. तो येणार हे त्याने आधीच ताडलेलं असतं. आशियाई क्रीडा स्पर्धेत, २०२३ साली हांगझोला, ‘स्ट्रीट फायटर ५’चं सुवर्णपदक दक्षिण कोरियाच्या किम ग्वान-वूने जिंकलं, तेव्हा त्याचं वय ४४ होतं. ही बातमी लेखकाने सोसायटीच्या ग्रुपवर टाकली. एकाने अंगठा दाखवला. तो सल्लागार नव्हे.

बटणं कमी म्हणजे खेळ सोपा, हाही असाच एक गैरसमज. सेगाच्या ‘व्हर्च्युआ फायटर’मध्ये १९९३ पासून तीनच बटणं आहेत, ठोसा, लाथ आणि बचाव, आणि तरी तो या प्रकारातला अतिशय खोल खेळ म्हणून ओळखला जातो. ‘डाइव्हकिक’मध्ये तर दोनच: एकाने उडी, दुसऱ्याने लाथ. ‘मॉर्टल कोम्बॅट’मध्ये अडवायला वेगळं बटण असतं, त्यामुळे स्ट्रीट फायटरवरून तिकडे गेलेला माणूस सवयीने मागे ढकलत राहतो आणि मार खातो. ‘गिल्टी गिअर स्ट्राइव्ह’ला लेखकाने फार वेळ दिला नाही. दिसायला अप्रतिम, पण दोन-तीन चुकांत राउंड संपतो, आणि काय झालं ते कळायच्या आत पुढचा सुरू.

टेकनच घ्यायचं ठरलं असेल तर एक वही ठेवावी. ज्या फटक्याने हरलो तो तिच्यात लिहावा आणि त्याच रात्री सराव मोडमध्ये त्याची जात पाहावी. ऑनलाइन हरलेल्या सामन्याच्या रिप्लेमध्ये ‘टेकन ८’ सूत्रं मध्येच आपल्या हाती घेऊ देतो. वाकलो असतो तर काय झालं असतं, हे तिथल्या तिथे करून बघता येतं. शंका असेल तेव्हा उभ्यानेच अडवावं. हवेत उडवणारे मोठे फटके बहुधा मिड असतात, आणि लो खाल्ला तरी बहुतेक वेळा थोडक्यात निभावतं.

स्ट्रीट फायटरला कॉम्बोंच्या मागे लागू नये. खालच्या रँकमध्ये माणसं सारखी उड्या मारतात. रियू घेतला असेल तर बसून जोराचा ठोसा मारला की उडी खाली येते, आणि एवढ्यावर पुष्कळ सामने निघतात. दुसरी गोष्ट ड्राइव्ह इम्पॅक्ट. समोरचा रंग उधळत अंगावर येतो आणि आपले फटके पचवतो, आणि आपण कोपऱ्यात असलो तर भिंतीवर आदळतो. नवखे यालाच सर्वांत घाबरतात. त्याला २६ फ्रेम लागतात, हा जॅबच्या मानाने मोठा अवकाश आहे. दिसल्याबरोबर आपलाही ड्राइव्ह इम्पॅक्ट दाबावा, नंतरचा जिंकतो. एकच पात्र धरावं, रागात खेळू नये, पाणी प्यावं, वगैरे सर्वांना माहीत आहेच.

सोबत मात्र बघून निवडावी. लाहोरच्या गेम पार्लरमध्ये घडलेला अर्सलान ॲश २०१९ साली आधी जपानला आणि मग लास वेगासला ईव्हो ही सर्वांत प्रतिष्ठेची स्पर्धा ‘टेकन ७’मध्ये जिंकला. लास वेगासच्या अंतिम सामन्यात त्याने हरवलं ते कोरियाच्या नामांकित ‘नी’ला. आपल्या तोडीचे आणखी खेळाडू घरी आहेत, असं तो तेव्हा सांगत होता, आणि पुढे अतिफ बटने टेकन वर्ल्ड टूरची अंतिम स्पर्धा जिंकून ते खरं केलं. रोज एकमेकांशी भिडणारी माणसं असली की अशी पिढी तयार होते. सोफ्यावर एकच स्ट्रिंग पुरवून पुरवून वापरणाऱ्याच्या शेजारी बसून होत नाही.

राहिली फाइट स्टिक. ‘पॅडवर पुढे जाता येत नाही, काका,’ असं सांगून सल्लागाराने मित्राची जुनी स्टिक लेखकाच्या गळ्यात मारली. २०१४ च्या ईव्होमध्ये फ्रान्सच्या लुफीने ‘अल्ट्रा स्ट्रीट फायटर ४’चं विजेतेपद पहिल्या प्लेस्टेशनच्या साध्या पॅडवर जिंकलं होतं, हे पैसे दिल्यानंतर समजलं. नवख्याने निदान पहिलं वर्ष तरी कन्सोलसोबत आलेला पॅडच वापरावा. लेखकाची स्टिक माळ्यावर आहे, चालू स्थितीत, आणि वाजवी किमतीत कुणालाही मिळेल. शेजारच्या विंगमधलं गिऱ्हाईक नको.