टिनच्या डब्यात टिन किती?

घरात गोडेतेलाचा पंधरा किलोचा डबा असेल तर त्याला एक लोहचुंबक लावून पाहा. चुंबक चटकन चिकटेल. हा डबा कशाचा, असे घरात कोणालाही विचारलेत तर उत्तर येईल, "टिनचा." पण टिन हा धातू चुंबकाला चिकटत नाही. मग चुंबक चिकटला तो कशाला? उघडच आहे, लोखंडाला. टिनचा डबा मुळात पोलादी पत्र्याचा असतो. टिनचा त्यावर नुसता मुलामा असतो.

टिन हा शब्द आपण इंग्रजीतून घेतला आणि मनाला येईल तसा वापरला. या धातूला आपला जुना शब्द आहे कथील. संस्कृत ग्रंथांत त्याला त्रपु आणि वंग अशी नावे आहेत. वैद्यांचे वंगभस्म ते याच धातूचे. आपण मात्र डब्याला टिन म्हणतो, विदर्भात घरावरच्या पत्र्यांनाही टिन म्हणतात, आणि कुचकामी वस्तूला सगळेच 'टिनपाट' म्हणतात. गंमत अशी की, छपराच्या पन्हळी पत्र्यावर कथील औषधालासुद्धा नसते. तिथे असते जस्त. आणि टिनपाट या शब्दाबद्दल तर कथलाने अब्रुनुकसानीचा दावाच लावावा! वजनास वजन तोलले तर कथील लोखंडापेक्षा कितीतरी पटींनी महाग आहे.

महाग आहे म्हणूनच ते जपून वापरतात. किती जपून, याचा हिशेब आपणच करू. डब्याच्या पत्र्याचा एक प्रचलित दर्जा असा आहे की, त्यावर दर चौरस मीटरला प्रत्येक बाजूस २.८ ग्रॅम कथील असते. कथलाची घनता दर घन सेंटिमीटरला ७.३ ग्रॅम. भागाकार केलात तर थराची जाडी येते सुमारे ०.३८ मायक्रॉन. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. डोक्याचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड धरला, तर त्याच्या जाडीत असे १८० थर मावतील! जांभळ्या प्रकाशाची तरंगलांबी सुमारे ०.४ मायक्रॉन असते. हा थर तिच्याहूनही थोडा पातळच. आता तेलाच्या डब्याचा तळ २३.५ सें.मी. चौरस आणि उंची ३५ सें.मी. धरा. सहाही बाजू मिळून क्षेत्रफळ होते सुमारे ०.४४ चौरस मीटर. आतून व बाहेरून मिळून कथील लागले सुमारे अडीच ग्रॅम. पत्रा ०.३ मि.मी. जाड असेल, तर पोलाद भरते जवळजवळ एक किलो. म्हणजे चारशे भाग लोखंड, एक भाग कथील. आणि नाव मात्र कथलाचे.

कथील पातळ पसरते आणि दुसऱ्या धातूला घट्ट धरते, हा त्याचा गुण आपल्या कल्हईवाल्यांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. पितळी पातेल्यात ताक किंवा चिंचेची आमटी ठेवली तर ती कळकते, कारण आंबट पदार्थात तांबे विरघळते. म्हणून आतून कल्हई लावायची. कल्हईवाला भात्याने निखारे फुलवतो, भांडे तापवतो, त्यात नवसागराची पूड टाकतो, कथलाची कांडी टेकवतो आणि कापसाच्या बोळ्याने ते कथील सर्वत्र फिरवतो. नवसागर, म्हणजे अमोनियम क्लोराइड, उष्णतेने फुटून त्यातून अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड हे वायू सुटतात. हायड्रोजन क्लोराइड भांड्यावरचा ऑक्साइडचा मळ काढून टाकतो. वर हवेत हे दोन्ही वायू पुन्हा एकत्र येतात. तोच तो पांढरा, नाकाला झोंबणारा धूर. स्वच्छ झालेल्या तांब्याशी वितळलेले कथील नुसते चिकटत नाही, तर दोहोंच्या सीमेवर मिश्रधातूचा एक पातळ पापुद्रा तयार होतो. लोखंडी पत्र्यावरही असेच होते. कल्हईचे कथील मात्र शुद्धच हवे. स्वस्तात पडावे म्हणून त्यात शिसे मिसळले, तर भांडे तसेच चकाकते, पण शिशाचे विष पोटात जाते. शिसे कागदावर घासले तर पेन्सिलीसारखी करडी रेघ उठते; शुद्ध कथलाची तशी उठत नाही.

हे सगळे जमते ते कथील अवघ्या २३२ अंश सेल्सिअसला वितळते म्हणून. संपूर्ण कथलाचे भांडे पाहायचे असेल तर तमिळनाडूत जावे लागेल. तिथे रसम करण्यासाठी 'ईय चोंबु' नावाचा कथलाचा तांब्या वापरतात. आत रसम असेपर्यंत तो चुलीवर खुशाल राहतो, कारण उकळते पाणी त्याचे तापमान शंभर अंशांच्या आसपास धरून ठेवते. रिकामा ठेवला की मात्र बसलाच खाली!

आता डब्याकडे वळू. अन्न बाटलीत भरून, बूच घट्ट लावून, बाटली उकळत्या पाण्यात ठेवली तर ते महिनोन् महिने टिकते, हे फ्रान्समधील निकोला आपेर यांनी दाखवले आणि १८१० मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये पीटर ड्युरँड यांनी या कामासाठी कथिलाच्या मुलाम्याच्या लोखंडी डब्याचेही पेटंट घेतले. काच फुटते, डबा फुटत नाही. बोटीवर आणि लष्करात त्याचा चटकन उपयोग झाला. अन्न का टिकते हे तेव्हा कोणालाच माहीत नव्हते. सूक्ष्मजंतूंचा उलगडा पाश्चर यांनी केला तो १८६० च्या सुमारास. आणि डबे आले तरी ते उघडण्याचे सुटसुटीत हत्यार यायला आणखी चार दशके लागली. तोवर छिन्नी आणि हातोडी!

पण इथे एक कोडे आहे, आणि त्यासाठीच हा लेख लिहायला घेतला. रसायनशास्त्राच्या पुस्तकात धातूंचे प्रमाण विद्युत विभव दिलेले असतात, ते पाहा. जस्त उणे ०.७६ व्होल्ट, लोखंड उणे ०.४४, कथील उणे ०.१४. दोन धातू एकमेकांना टेकून ओलाव्यात राहिले की त्यांचा लहानसा विद्युतघट बनतो आणि ज्याचे विभव अधिक उणे तो धातू विरघळतो. जस्ती पत्र्यावर ओरखडा पडला तर जस्त झिजते आणि उघडे पडलेले लोखंड वाचते. कथलाच्या बाबतीत नेमके उलटे. ओरखडा पडला की कथील शाबूत राहते आणि लोखंड गंजते, तेही एरवीपेक्षा जोरात. डब्याला बाहेरून पोचा पडून खरवडले गेले की तेथे तांबूस ठिपका उठतो, तो यामुळेच.

मग प्रश्न असा की, इतक्या पातळ थरात सूक्ष्म छिद्रे असणारच. आत आंबट फळांचा रस. तर मग त्या प्रत्येक छिद्रातून लोखंड विरघळून डब्याला भोके का पडत नाहीत?

उत्तर असे की, डब्याच्या आत ही उतरंड उलटते. पुस्तकातले आकडे हे द्रावणात त्या त्या धातूचे आयन एका ठरावीक संहतीत असतानाचे आहेत. फळांतील सायट्रिक किंवा ऑक्झॅलिक आम्ल कथलाच्या आयनांना घट्ट पकडून ठेवते. मोकळे आयन फारच थोडे उरतात. मोकळ्या आयनांची संहती दहापट घटली की कथलाचे विभव सुमारे ०.०३ व्होल्टने खाली येते. कथील आणि लोखंड यांच्यातील अंतर आहे ०.३० व्होल्टचे, म्हणजे अशा दहा पायऱ्यांचे. कथलाचे मोकळे आयन लोखंडाच्या मोकळ्या आयनांच्या दहा अब्जांशाहून कमी झाले की कथील लोखंडाच्या खाली उतरते. आकडा अचाट वाटतो, पण आम्लाची पकड तेवढी मजबूत असते. मग कथील हळूहळू झिजते आणि छिद्रातले लोखंड सुरक्षित राहते. बाहेर लोखंडाला गोत्यात आणणारा धातू आत त्याचा रखवालदार होतो!

झीज फार हळू होते याला मुख्य कारण म्हणजे बंद डब्यात ऑक्सिजन जवळजवळ नसतो. डबा उघडला की हवा आत शिरते आणि कथील भराभर विरघळू लागते. डब्यातील अन्नात दर किलोला २५० मिलिग्रॅमपर्यंत कथील चालते, असे आंतरराष्ट्रीय मानक आहे. फार झाले तर मळमळ आणि उलट्या होतात. म्हणून उघडलेल्या डब्यातील अननस किंवा आमरस उरला तर तो तसाच डब्यात ठेवू नका; काचेच्या किंवा स्टेनलेसच्या भांड्यात काढा. फुगलेला डबा तर उघडूच नये. आत जंतूंनी केलेला वायू आहे की आम्ल व धातू यांच्या क्रियेतून सुटलेला हायड्रोजन, हे बाहेरून कळत नाही.

तुम्ही म्हणाल, मग आत जस्ताचाच मुलामा का देत नाहीत? जस्त आंबटात इतके चटकन विरघळते की डब्यातला पदार्थ खाण्याच्या लायकीचा राहणार नाही. आज बऱ्याच डब्यांना आतून सोनेरी रोगण लावतात आणि कथील त्याच्या आड राहते. डब्याचा सांधाही पूर्वी कथील व शिसे यांच्या डाखाने जोडत, तो आता विजेने वितळवून जोडतात, म्हणजे शिशाचा संबंध उरत नाही. अननसासारख्या फिक्या फळांसाठी मात्र मुद्दाम उघडे कथील ठेवतात. त्याने रंग टिकतो. थंड पेयांचे हलके डबे ॲल्युमिनियमचे असतात. त्यांना चुंबक चिकटत नाही.

वरचे अर्धे कोडे तुम्हांला शाळेतच तपासता येईल. शिक्षकांकडून डब्याच्या पत्र्याची आणि जस्ती पत्र्याची एकेक पट्टी कापून घ्या. कडा धारदार असतात, स्वतः कापू नका. रंग किंवा रोगण असेल तर बारीक पॉलिश कागदाने हलकेच काढा. दोन्हींवर कानशीने एकेक खोल रेघ ओढा, खालचे लोखंड दिसले पाहिजे. दोन पेल्यांत मिठाचे पाणी घेऊन पट्ट्या त्यांत ठेवा, तिसऱ्या पेल्यात एक साधा स्वच्छ खिळा ठेवा, आणि रोज एकाच वेळी पाहून वहीत लिहा. एकदोन दिवसांत डब्याच्या पट्टीवरची रेघ तांबूस होईल. जस्ती पट्टीवर रेघ तशीच राहील आणि तिच्या दोन्ही अंगांना पांढरी भुकटी जमेल. ती पांढरी भुकटी कशाची, हे वर्गात ठरवा.