रक्तातले एक गुणोत्तर

घरात रक्ततपासणीचा एखादा जुना कागद असेल तर तो समोर घ्या. त्यात एकूण पांढऱ्या पेशींची संख्या आणि खाली त्यांच्या प्रकारांचे टक्के दिलेले असतात. त्यांपैकी न्यूट्रोफिलच्या टक्क्यांना लिंफोसाइटच्या टक्क्यांनी भागा. येणाऱ्या उत्तराला एकक नसते. आम्हा पदार्थविज्ञानवाल्यांना अशा राशी फार प्रिय!

समजा, दोन माणसांच्या रक्तात दर घन मिलिमीटरला ८,००० पांढऱ्या पेशी आहेत. पहिल्याचे टक्के ६० आणि ३०, म्हणजे गुणोत्तर २. दुसऱ्याचे ७८ आणि १३, म्हणजे गुणोत्तर ६. नुसती एकूण संख्या पाहिली असती तर दोघे सारखेच वाटले असते. निरोगी प्रौढात हे गुणोत्तर साधारणपणे १ ते ३ असते.

सन २००५ मध्ये ब्रिटनमधील काही शल्यचिकित्सकांनी मोठ्या आतड्याच्या व गुदाशयाच्या कर्करोगाच्या २३० रुग्णांचे शस्त्रक्रियेपूर्वीचे हे गुणोत्तर तपासले. ते ५ पेक्षा जास्त असलेल्यांचे आयुर्मान इतरांपेक्षा कमी भरले.

असे का व्हावे? कर्काची गाठ शरीरात दाह पेटता ठेवते. दाहातून निघालेली रासायनिक द्रव्ये अस्थिमज्जेला अधिक न्यूट्रोफिल सोडायला लावतात. जंतूंशी लढणाऱ्या या पेशी येथे मात्र उलट्या उपयोगी पडतात: गाठीला नव्या रक्तवाहिन्या फुटण्यास त्या मदत करतात आणि लिंफोसाइटना दाबतात. कर्कपेशी ओळखून मारण्याचे काम तर टी-लिंफोसाइटचे! म्हणजे अंश वाढतो आणि छेद घटतो.

पण येथे थांबा. साधा जंतुसंसर्ग, शस्त्रक्रिया किंवा स्टेरॉइडची औषधे यांनीही हे गुणोत्तर चढते. म्हणून वडिलांच्या कागदावर ६ आले तर घाबरू नका आणि २ आले म्हणून शौचावाटे पडणाऱ्या रक्ताकडे दुर्लक्ष करू नका. या आकड्यावरून कर्करोगाचे निदान होत नाही. निदान झालेल्या रुग्णाचे पुढे काय होईल, याचा तो केवळ एक अंदाज आहे. शिवाय मर्यादा ५ ची धरावी की ३ ची, याबाबतही सर्व अभ्यासांत एकवाक्यता नाही.

रक्तातली मोजणी म्हणजे हमरस्त्यावरून किती शिपाई चालले आहेत याची नोंद. प्रत्यक्ष ठाण्यावर किती पोहोचले? सन २००६ मध्ये फ्रान्समधील जेरोम गालों व त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमके तेच मोजले. काढलेल्या गाठीच्या मध्यभागी आणि तिच्या कडेला टी-पेशी किती दाट आहेत हे त्यांनी पाहिले. जेथे दाटी जास्त, तेथे रोग उलटण्याचे प्रमाण कमी. सन २०१८ मध्ये भारतासह १३ देशांतील २,६०० हून अधिक रुग्णांवर याचा पडताळा प्रसिद्ध झाला. त्यातील पहिल्या गटात, दाटी जास्त असलेल्या रुग्णांपैकी शेकडा ८ जणांचा रोग ५ वर्षांत उलटला. दाटी कमी असलेल्यांपैकी शेकडा ३२ जणांचा.