पहिल्या वर्षानंतर अभ्यासक्रम बदलायचा झाल्यास



बारावीनंतर मुलाला कुठे घालायचे, याची चर्चा आपल्याकडे घरोघरी होते. पण वर्षभराने तोच मुलगा म्हणाला, "मला हे जमत नाही, दुसरीकडे जातो," तर काय करायचे, याची चर्चा कुठेच होत नाही. मग एक तर घरात भांडण होते, नाही तर पोरगं गप्प बसतं आणि सत्रामागून सत्र विषय राहत जातात. म्हणून या अंकात हाच धडा घेत आहोत.

१. आधी रोग ओळखा

उसावर केवडा पडला म्हणून कोणी प्लॉट मोडत नाही. लोह कमी पडले की पाणी साचले, हे आधी पाहतो. पोराच्या बाबतीतही तेच करावे.

पहिल्या वर्षी विषय राहण्याची कारणे निरनिराळी असतात. दहावीपर्यंत मराठीत शिकलेल्या मुलाला इंग्रजीतले व्याख्यान पहिले काही महिने डोक्यावरून जाते. कुणाला खोलीवरचे राहणे, खाणावळीचे जेवण मानवत नाही. कुणाचा एकट्या गणितातच पाय अडकतो. ही दुखणी बरी होणारी आहेत. एक-दोन विषय राहिले तर एटीकेटीची सोय असते. शिकवणी लावता येते, खोली बदलता येते. एवढ्यासाठी अभ्यासक्रम मोडू नये.

दुसरा प्रकार वेगळा. मुलगा पास होतो, पण त्यात त्याचे मन नाही. किंवा शेजारच्याचा पोरगा इंजिनिअर झाला म्हणून आपणच त्याला तिकडे ढकललेले असते. इथे मात्र बदलाचा विचार करावा. "नापास का झालास?" असे विचारले की पोरगं तोंड मिटतं. त्यापेक्षा "कोणता विषय वाचताना वेळ कसा जातो ते कळत नाही?" असे विचारावे. उत्तरातून पुष्कळ उलगडा होतो.

२. गेलेला पैसा हिशेबात धरू नका

आपली खरी अडचण इथेच आहे. "दीड लाख घातले, आता सोडायचं कसं?" असे म्हणून आपण पोराला तिथेच ठेवतो. समजा, इंजिनिअरिंगची फी, खोली आणि खाणावळ मिळून वर्षाला दीड लाख खर्च येतो. पहिल्या वर्षाचे दीड लाख गेले. मुलगा तिथे राहिला तरी ते परत येत नाहीत आणि सोडून गेला तरी येत नाहीत. पुढची तीन वर्षे मात्र साडेचार लाखांची आहेत, आणि विषय राहिले तर चौथेही त्यात मिळवावे लागेल.

लागण उगवलीच नाही तर आपण काय करतो? थोडी तूट असेल तर महिन्याच्या आत नांग्या भरतो. निम्म्याहून अधिक रान मोकळे राहिले तर मोडून दुसरी लागण करतो. बेण्याचे पैसे दोन्हीकडे गेलेलेच असतात. पुढचे पाणी, खत आणि महिने कशात घालायचे, एवढाच प्रश्न उरतो. शेतात कळणारा हा हिशेब घरात विसरू नये.

३. वाटा किती प्रकारच्या

अभ्यासक्रम बदलणे म्हणजे दर वेळी पहिल्यापासून सुरुवात, असे नाही.

(अ) तिथेच शाखा बदलणे. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षानंतर दुसऱ्या शाखेत जागा रिकामी असेल तर गुणवत्तेनुसार ती मिळू शकते. यात वर्ष वाचते. पण पहिल्या वर्षाचे गुण चांगले हवेत, म्हणून "जायचंच आहे तर अभ्यास कशाला" असे म्हणणे अंगाशी येते.

(आ) पदविकेकडे वळणे. मुलाचा हात यंत्रावर बसतो पण पदवीचे गणित जड जाते, असे पुष्कळदा दिसते. आपल्या राज्यात विज्ञान शाखेतून बारावी झालेल्याला तंत्रनिकेतनात थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो. दोन वर्षांत पदविका हाती येते. पुढे तयारी झाली तर त्याच पदविकेवर इंजिनिअरिंग पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येते.

(इ) बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये आले. त्यानुसार शिकलेल्या विषयांचे श्रेयांक विद्यार्थ्याच्या नावे श्रेयांक बँकेत जमा होतात. तिचे नियम २०२१ मध्ये निघाले. पहिल्या वर्षाचे किमान ४० श्रेयांक आणि त्याखेरीज ४ श्रेयांकांचा व्यावसायिक अभ्यासक्रम किंवा कामाचा अनुभव पुरा करून बाहेर पडणाऱ्याला प्रमाणपत्र मिळते. तीन वर्षांच्या आत त्याला परत येता येते. मात्र एक ध्यानात ठेवा. एकीकडचे श्रेयांक दुसरीकडे किती धरायचे, ते घेणारी संस्था विषय जुळवून ठरवते. कारखान्याच्या काट्यावर वजन झाले म्हणजे उतारा ठरला असे होत नाही, तसेच हे आहे.

(ई) पूर्ण नवा रस्ता. इंजिनिअरिंग सोडून बी.एस्सी. (ऑनर्स) कृषीला जायचे तर चार वर्षांचा अभ्यासक्रम पहिल्या वर्षापासून करावा लागतो. राहुरी, अकोला, परभणी व दापोली या चार कृषी विद्यापीठांकडील प्रवेश राज्याच्या सीईटीवर होतात. जुन्या सीईटीचे गुण चालत नाहीत, परीक्षा पुन्हा द्यावी लागते.

साध्या बी.एस्सी.ला गेला म्हणजे पोरगं वाया गेलं, असेही समजू नये. आपल्या कारखान्याची प्रयोगशाळा रसायनशास्त्र शिकलेल्यांवरच चालते. कानपूरची राष्ट्रीय शर्करा संस्था १९३६ पासून साखर तंत्रज्ञान शिकवते, आणि रसायनशास्त्रासह बी.एस्सी. झालेल्यांना तिथला साखर तंत्रज्ञानाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम खुला आहे. ऊस उत्पादकांनी १९७५ मध्ये उभी केलेली मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट तर आपल्या घरचीच आहे.

४. तारखा आणि कागद

सीईटीचे अर्ज साधारणपणे डिसेंबर ते मार्च या दरम्यान भरले जातात. म्हणजे गाळप ऐन भरात असते, आपण तोडणीच्या टोळीमागे आणि वाहनामागे धावत असतो, तेव्हाच. जूनमध्ये निकाल लागल्यावर बदलाचा विचार सुरू केला तर वर्ष हमखास जाते. म्हणून पहिल्या सत्राचा निकाल लागताच, संक्रांतीच्या सुमारास घरी एकदा बसून बोलावे.

कॉलेज सोडल्याचा दाखला, गुणपत्रके, विद्यापीठ बदलत असल्यास स्थलांतर प्रमाणपत्र, आणि लागू असेल तर जातवैधता व नॉन-क्रिमिलेअर दाखला आधीच जुळवून ठेवा. मध्ये वर्ष रिकामे गेले असेल तर खंडाचे प्रतिज्ञापत्रही लागते. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये काढलेल्या अधिसूचनेप्रमाणे संस्थेला मूळ कागदपत्रे अडवून ठेवता येत नाहीत, आणि चालू सत्राच्या किंवा वर्षाच्या पुढची फी आगाऊ घेता येत नाही. कुणी "पुढच्या तीन वर्षांची फी भरा, मग दाखला देतो" म्हणाले, तर घाबरून पैसे मोजू नका. लेखी मागा.

शिष्यवृत्ती नव्या अभ्यासक्रमात आपोआप चालू राहील असे धरून चालू नये, शिष्यवृत्ती विभागात आधी विचारावे. शैक्षणिक कर्ज असेल तर बँकेला प्रवेश रद्द करण्यापूर्वी सांगावे.

५. मुलींच्या बाबतीत

मुलीने बदल मागितला की "आता कशाला, लग्नाचं बघू" असा सूर निघतो. मुलाला एक संधी देणाऱ्या घराने मुलीला ती का नाकारावी? पैशाची अडचण असेल तर हे माहीत असावे. २०२४-२५ पासून राज्य शासनाने आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गातील, ८ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण व परीक्षा फी पूर्ण माफ केली आहे. मात्र प्रवेश शासनाच्या केंद्रीय प्रक्रियेतून झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातून घेतला तर हा लाभ मिळत नाही.

६. ध्यानात ठेवायच्या गोष्टी

• नवी जागा पक्की होईपर्यंत जुनी सोडू नका.
• जिथे जायचे तिथे शिकणाऱ्या मुलाला आपल्या मुलाने गाठावे, एक दिवस वर्गात बसून यावे. तिथला पहिल्या वर्षाचा अभ्यासक्रम वाचावा.
• बदल एकदाच करावा. दर वर्षी रान मोडणाऱ्याच्या हाती ऊस लागत नाही.
• दलालाच्या तोंडी आश्वासनावर एक पैसाही देऊ नये.
• निर्णय पोराचा असावा, आणि त्याची जबाबदारीही त्याने उचलावी.

लोक चार दिवस बोलतील. पण न आवडणाऱ्या शिक्षणात चार वर्षे काढून घरी बसलेला मुलगा बापालाही नकोसा होतो आणि स्वतःलाही. एक वर्ष गेले तर ते भरून निघते. पोराने घरात खरे बोलणेच सोडले तर ते भरून काढणे फार अवघड. म्हणून या संक्रांतीला तिळगूळ देताना त्याला एवढे विचारा, "कॉलेज कसं चाललंय?" आणि त्याचे पुरे बोलून होईपर्यंत मध्ये बोलू नका.