धानानंतरचा हरभरा : पेरणीची वेळ व वाणाची निवड

नागझिरा अरण्याच्या सभोवती, गोंदिया जिल्ह्यातील तिरोडा, गोरेगाव व सडक अर्जुनी या तालुक्यांत धान हेच मुख्य पीक आहे. धान निघाल्यावर बांधीतील ओलीवर लाख, जवस वा हरभरा घेण्याची रीत जुनी आहे. तथापि येथे हरभऱ्याची पेरणी केव्हा होणार हे धानाच्या कापणीवर अवलंबून असते. हलके धान ऑक्टोबरात निघते. भारी धानाची बांधी मोकळी होण्यास नोव्हेंबरअखेर किंवा डिसेंबर उजाडतो. म्हणून बांधी मोकळी होण्याची तारीख पाहूनच वाण निवडणे हितावह होय.

वेळेचा परिणाम

हरभरा हे थंड व कोरड्या हवेचे पीक आहे. फार लवकर, उष्ण व पाणथळ जमिनीत पेरल्यास रोपे मर रोगास बळी पडतात. उलट डिसेंबरात पेरलेल्या पिकाची वाढ थंडीत मंद होते व फांद्या कमी फुटतात. पुढे फुले व घाटे धरण्याच्या वेळी ऊन तापू लागते. तापमान ३५ अंश सेल्सियसच्या वर गेल्यास फलधारणा घटते. त्यातच ओल संपते, पीक अकाली पक्व होते आणि दाणा बारीक राहतो.

वाणाचा हिशेब

अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचा जाकी ९२१८ हा टपोऱ्या दाण्याचा वाण १०५ ते ११० दिवसांत तयार होतो. तो १५ नोव्हेंबरला पेरल्यास फेब्रुवारीअखेर ते मार्चच्या प्रारंभी हाती येतो. १० डिसेंबरला पेरल्यास मात्र मार्चअखेरच्या उन्हात सापडतो. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा विजय हा वाण जिरायतीत ८५ ते ९० दिवसांत येतो व उशिरा पेरणीसही चालतो. १० डिसेंबरला पेरला तरी तो मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात निघू शकतो. सबब हलक्या धानामागे जाकी ९२१८ व भारी धानामागे विजय, अशी निवड करावी.

उशीर झाल्यास

धान कापताच बांधीतील साचलेले पाणी काढून द्यावे व वाफसा येताच पेरावे. दिवस लोटल्यास चिखलणीची जमीन कडक होते. बियाणे रात्री सहा ते आठ तास पाण्यात भिजवून सावलीत सुकवावे. त्यामुळे उगवण लवकर व एकसारखी होते. त्यानंतर बियाण्यास ट्रायकोडर्मा व शेवटी रायझोबियम चोळून लगेच पेरणी करावी. विजय वाणाचे हेक्टरी ६५ ते ७० किलो बियाणे लागते. उशिरा पेरणीत झाडे लहान राहत असल्याने ते थोडे वाढवावे. पाणी असल्यास फांद्या फुटताना व घाटे भरताना एकेक हलके पाणी द्यावे.

हरभऱ्याचे नियोजन खरिपातच झाले पाहिजे. ज्या बांधीत हरभरा घ्यावयाचा, तेथे धान हलके वा मध्यम लावावे. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी रोवणीच्या वेळीच शेतकऱ्यांकडून बांधीवार धानाचा वाण व कापणीची अंदाजी तारीख नोंदवून घ्यावी, म्हणजे योग्य बियाणे दिवाळीपूर्वी गावात पोहोचविता येईल.