शाळेच्या अंगणातील चिनी गुलाब
(इयत्ता ३ री ते ५ वी : परिसर अभ्यास व कार्यानुभव)



शाळेपुढे फुलांचा एखादा वाफा असावा असे प्रत्येक शिक्षकास वाटते, आणि फुलांचे नाव निघाले की प्रथम गुलाबच डोळ्यांपुढे उभा राहतो. परंतु चंद्रपूर व गडचिरोली ह्या जिल्ह्यांत शाळेच्या बागेची खरी परीक्षा मे महिन्यात होते. पारा ४५ अंशांपलीकडे जातो. शाळेस सुट्टी असते, शिक्षक आपापल्या गावी गेलेले असतात, आणि पुष्कळ मुले आईबापांबरोबर तेंदूपत्ता तोडावयास रानात जातात. उर्वरित महाराष्ट्रातील शाळा भरू लागल्या तरी उन्हामुळे विदर्भातील शाळा काही दिवस उशिराच उघडतात. तोवर वाफ्यास पाणी कोणी घालावे?

ह्या प्रश्नाचा विचार मी नोकरीच्या आरंभी केला नव्हता. सुमारे तीस वर्षांपूर्वी एका जंगलपट्टीतील गावी मी शिक्षक होतो. फाटकाच्या दोन्ही अंगांस मी गुलाबाची बारा रोपे लावली. सुट्टी लागताना चौथीतील एका मुलीस सहज म्हणालो, “झाडांकडे लक्ष ठेव हं.” जूनच्या शेवटी परतलो तेव्हा दहा रोपे वाळली होती, दोन जगली होती, आणि ती मुलगी शाळेत येत नव्हती. घरी गेलो तेव्हा आईने सांगितले, “पोरगी भर उन्हात विहिरीवरून गुंड भरून नेत होती, गुरुजी. पाय पोळले, ताप आला, तेव्हा म्या बंद केलं. आता तुमी रागवान म्हणून येत नाही.” माझा एक सहज उद्गार त्या मुलीने आज्ञा मानला होता. दोष तिचा नव्हता, गुलाबाचाही नव्हता. शाळेला जे देता येत नाही ते मागणारे झाड मी निवडले, हा दोष माझा होता. पुढील सर्व सूचना त्या अनुभवातून आल्या आहेत.

गुलाब आणि चिनी गुलाब

जमिनीलगत पसरणारे व फारशी निगा न मागणारे गुलाब जगात आहेत. जपानकडील एक रानगुलाब असा सरपटत वाढतो, आणि त्याच्यासारख्या जातींनी समशीतोष्ण देशांतील लहान बागा व समुद्रकाठची अंगणे झाकली जातात. आपल्याकडील उन्हाळ्यात मात्र गुलाबास नियमित पाणी द्यावेच लागते. जमीन झाकण्याचे तेच काम आपल्या अंगणात करू शकेल अशी वनस्पती म्हणजे चिनी गुलाब. सकाळी शाळा-कचेऱ्या भरण्याच्या सुमारास फुलतो म्हणून ह्यास कोणी ‘ऑफिस टाइम’ असेही म्हणतात.

नाव चिनी गुलाब असले तरी हा चीनचा नव्हे आणि गुलाबही नव्हे. ह्याचे मूळ स्थान दक्षिण अमेरिकेतील अर्जेंटिना, उरुग्वे व दक्षिण ब्राझील हा प्रदेश. शास्त्रीय नाव पोर्टुलाका ग्रँडिफ्लोरा. ह्याचे खरे भाऊबंद आपल्या स्वयंपाकघरात आहेत : घोळ आणि चिवळ. वऱ्हाड-झाडीपट्टीत चिवळीची भाजी न खाल्लेले मूल क्वचितच सापडेल. तेव्हा पाठाचा आरंभ चिवळीपासून करावा. मुलांना चिवळीची जुडी आणावयास सांगावे व तिची मांसल पाने चिनी गुलाबाच्या पानांशेजारी ठेवावीत. गोंडी किंवा माडिया बोलणाऱ्या मुलांना ह्या वनस्पतींची घरची नावे विचारून तीही फळ्यावर लिहावीत. चिनी गुलाब मात्र भाजीचा नव्हे, हे स्पष्ट बजावावे.

उन्हात तग धरण्याचे रहस्य

ह्याची खोडे व सुईसारखी गोल पाने पाणी साठवून ठेवतात. बहुतेक झाडे दिवसा पानांची सूक्ष्म रंध्रे उघडून हवेतील कर्बवायू घेतात, आणि त्याच वाटेने पाण्याची वाफ बाहेर जाते. पोर्टुलाका कुळातील वनस्पती पाण्याची टंचाई असता काही कर्बवायू रात्री, थंड वेळी, घेऊन ठेवू शकतात. घोळीच्या पानात तर ही रीत व तीव्र उन्हात जलद अन्न तयार करण्याची रीत ह्या दोन्ही एकाच पेशीत चालतात, असे अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी २०२२ मध्ये दाखविले. मुलांना इतकेच सांगावे : “हे झाड पाणी जपून खर्चते.”

लागवड

१. जागा : दिवसभर ऊन लागेल अशी. सावलीत फुले उमलत नाहीत.

२. वाफा : १८० सेंमी लांब, ९० सेंमी रुंद व जमिनीपासून वीतभर उंच. काळ्या जमिनीत पाणी धरून राहते व मुळे कुजतात. म्हणून तेथे निम्मी रेती मिसळावी. मुरमाड जमिनीत थोडे कुजलेले शेणखत पुरे. खत अधिक झाल्यास पाला माजतो व फुले कमी येतात.

३. काड्या : बोटभर लांबीचे तुकडे तोडून खालची पाने काढावीत व दोन पेरे मातीत खोवावीत. शाळा उघडल्यावर पावसाची उघडीप पाहून हे काम करावे.

४. अंतर : १५ सेंमी. वाफ्यावर दोरीने १५ सेंमीचे चौरस आखून प्रत्येकाच्या मध्यभागी एक काडी लावावी. एकूण काड्या किती लागतील? मुलांनी स्वतः हिशेब करावा : १२ × ६ = ७२. गावात एका घरी जरी हे झाड असले तरी तेवढ्या काड्या सहज मिळतात.

५. रक्षण : शेळ्यांपासून बचावासाठी बोरीच्या काट्यांचे कुंपण करावे. वाफा दारापासून दूर असावा. तण काढण्यापूर्वी काठीने वाफा चाचपावा. पावसाळ्यात साप-विंचवाचे भय असते. हे काम मोठ्या माणसाच्या देखरेखीखालीच व्हावे.

निरीक्षणाचा पाठ

पहिला दिवस : एका गटाने एक फूल निवडून ते केव्हा उमलले व केव्हा मिटले याची नोंद घ्यावी. दुसऱ्या दिवशी तेच फूल पुन्हा उमलते का, ते पाहावे. एकेरी फूल एकाच दिवसाचे असते.

दुसरा दिवस : पहाटे काही कळ्यांवर टोपली पालथी घालावी. उघड्यावरील व टोपलीखालील फुलांची तुलना करावी. ढगाळ दिवशी काय होते, तेही टिपावे.

तिसरा दिवस : उमललेल्या फुलातील पुंकेसरांस गवताच्या काडीने हळूच स्पर्श करावा. पुंकेसर स्पर्शाच्या बाजूस वळतात. मधमाशी आल्यावर ह्याचा झाडास काय उपयोग होत असेल, असा प्रश्न विचारावा व उत्तरासाठी घाई करू नये.

चौथा दिवस : पिकलेले फळ पाहावे. ते डबीच्या झाकणासारखे आडवे उघडते व आत बारीक बी असते. एका फळातील बी कागदावर पसरून मोजावे.

पावसाळ्यात आणखी एक प्रयोग करावा. आच्छादित वाफ्याच्या उतारावर व मोकळ्या अंगणाच्या उतारावर झारीने सारखेच पाणी घालावे. वाहून आलेले पाणी दोन काचेच्या पेल्यांत घेऊन कोणते गढूळ, ते पाहावे. शेताच्या बांधीवर गवत का राखतात, हे मग सांगावे लागत नाही.

सुट्टीपूर्वी

एप्रिलच्या अखेरीस पिकलेले बी गोळा करून कागदाच्या पुड्यांत, कोरड्या डब्यात ठेवावे. भरगच्च पाकळ्यांच्या जातींस बी कमी धरते. म्हणून काही झाडे एकेरी फुलांची असावीत. इच्छा असेल त्या मुलास एका फुटक्या मडक्यात दोन काड्या लावून घरी न्यावयास द्याव्यात. मोरीचे सांडपाणी त्यास पुरते. वाफ्याची जबाबदारी मात्र कोणत्याही मुलावर टाकू नये. “सुट्टीत कोणीही पाणी घालावयास येऊ नये,” असे स्पष्ट शब्दांत सांगावे.

पाण्यावाचून दीड-दोन महिने राहिल्यास वाफा वाळेल. चिनी गुलाबासही मर्यादा आहेत, हे मुलांपासून लपवू नये. परंतु मातीत पडलेले बी पावसानंतर पुष्कळदा आपोआप रुजते, डब्यातील बी हाताशी असते, आणि कोणाच्या तरी घरच्या मडक्यातून काड्या परत येतात. बाग वाळली तरी संपत नाही.

माझ्या त्या विद्यार्थिनीस मी शाळेत परत आणले. परंतु ती पुढे कित्येक दिवस फाटकातून मान खाली घालूनच येत असे. मुलांच्या श्रमावर व भीतीवर जगणारी बाग, ती कितीही सुंदर असली तरी, शाळेस शोभत नाही. येत्या सत्रात आपण वाफा कराल तेव्हा त्यात प्रथम कोणते झाड लावावे हे ठरविण्याआधी, मे महिन्यात त्यास कोण पाहील, एवढा प्रश्न स्वतःस विचारावा, ही विनंती.