नाताळची पहिली पंगत

प्रत्येक कुटुंबांत केव्हां ना केव्हां असें वर्ष उजाडतें कीं, वडीलधाऱ्यांच्या हातचें कार्य धाकट्यांच्या हातीं येतें. नाताळचें जेवण हें त्यांपैकीं एक कार्य होय. आजीचे हात थकतात, जुनें घर लहान पडतें किंवा कुटुंब पोटापाण्याकरितां दुसऱ्या गांवीं येऊन राहतें. आणि मग "यंदाची पंगत तुमच्याकडे" असा निरोप येतो. आमच्या नाशिक रोडला तर असे प्रसंग फार. रेल्वे आणि १९२५ सालीं येथें निघालेलें सरकारी मुद्रणालय यांच्या निमित्तानें ठिकठिकाणचीं कुटुंबें येथें वसलीं. त्यांचीं मूळ घरें दूर राहिलीं, आणि पहिली पंगत मांडण्याची पाळी पुष्कळांवर आली. हें काम केवळ स्वयंपाकाचें आहे असें समजणारांची पुढें फजिती होते. त्यांत गणित आहे, आरोग्यशास्त्र आहे, इतिहास आहे आणि धर्मही आहे. म्हणून आमच्या विद्यार्थ्यांसाठीं व त्यांच्या पालकांसाठीं हा विषय एका पाठाच्या रूपानें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम शब्दाकडे वळूं. 'नाताळ' हा शब्द पोर्तुगीज भाषेंतून आपल्याकडे आला. त्याचें मूळ जन्म या अर्थाच्या लॅटिन शब्दांत आहे. रोम येथें २५ डिसेंबर हा ख्रिस्तजन्माचा दिवस पाळल्याचा जुन्यांतला जुना लेखी पुरावा इसवी सन ३३६ चा आहे. सण एकच असला, तरी ताट मात्र देशोदेशींचें निराळें. गोव्याकडे नेवऱ्या आणि दोदोल, वसईकडे फुगे, केरळांत अप्पम आणि स्ट्यू. आणि आपल्या देशावरील मराठी ख्रिस्ती घरांत करंज्या, चकल्या, शंकरपाळे व लाडू. दिवाळीचा फराळ शेजाऱ्यांकडून आपल्याकडे येतो आणि नाताळचा फराळ आपल्याकडून शेजाऱ्यांकडे जातो. दोन्हींतील करंजी एकच असते. धर्म बदलला म्हणून ह्या लोकांनीं आपली मायभूमि किंवा मायभाषा टाकिली नाहीं, याची ही करंजी साक्ष देते.

आतां इतिहास पाहूं. कारण महाराष्ट्रांत 'एकत्र जेवणें' ही गोष्ट कधींच साधी नव्हती. कोणाच्या हातचें पाणी प्यावें आणि कोणाच्या पंक्तीस बसावें, यावर माणसाची जात टिके किंवा जाई. १८४९ सालीं मुंबईंत परमहंस सभा निघाली. तींत प्रवेश करणारास ख्रिस्ती माणसानें केलेला पाव खावा लागे. परंतु ती सभा गुप्त होती, आणि सभासदांचीं नांवें उघडकीस येण्याच्या भीतीनें १८६० च्या सुमारास ती मोडली. पुढें १८९० सालीं पुण्यांतील पंचहौद मिशनमध्यें व्याख्यानास जमलेल्या प्रतिष्ठित मंडळींपुढें चहा व बिस्किटें ठेवण्यांत आलीं. कोणी चहा घेतला, कोणी नुसता पेला हातीं धरून खालीं ठेविला. परंतु हजर असलेल्यांचीं नांवें छापून येतांच मोठें ग्रामण्य माजलें. न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक यांच्यासारख्या पुरुषांनाही प्रायश्चित्ताच्या प्रश्नास तोंड द्यावें लागलें. एका पेल्याभर चहाची ही कथा! विद्यार्थ्यांनीं ती विसरूं नये.

आपल्या नाशिकचीं उदाहरणें तर अगदीं जवळचीं आहेत. १८५४ सालीं रेव्हरंड विल्यम प्राइस यांनीं शरणपूरची वसाहत स्थापिली. गुलामगिरींतून सोडविलेलीं आफ्रिकेंतील मुलें तेथें आश्रयास येऊन शिकलीं. त्यांपैकीं जेकब वेनराइट हा पुढें डॉ. लिव्हिंगस्टन यांच्या शवाबरोबर १८७४ सालीं इंग्लंडपर्यंत गेला. दुसरें उदाहरण लक्ष्मीबाई टिळकांचें. नाशिकजवळच्या जलालपूर येथें १८६८ सालीं त्यांचा जन्म झाला. माहेरीं सोवळ्याओवळ्याचा अतिरेक. १८९५ सालीं पती नारायण वामन टिळक ख्रिस्ती झाले, तेव्हां त्या कांहीं वर्षें त्यांच्यापासून दूर राहिल्या. पुढें हळूहळू त्यांच्या मनांतील विटाळाची कल्पना गळून पडली आणि १९०० सालीं त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. 'स्मृतिचित्रें' वाचतांना आपल्या ध्यानांत येतें कीं, त्यांचें मन एका रात्रींत बदललें नाहीं. त्याला वर्षें लागलीं.

यावरून ख्रिस्ती लोकांनीं फुगून जाण्याचें मात्र कारण नाहीं. रत्नागिरीस सावरकरांनीं सहभोजनें घडवून आणिलीं, समतानंद अनंत हरी गद्रे यांनीं झुणका-भाकरीचीं सहभोजनें घातलीं. तें काम ख्रिस्ती समाजाबाहेरचें होतें. उलट ख्रिस्ती मंडळ्यांतही जुन्या जातीची आठवण पुष्कळ काळ मागें रेंगाळली. खुद्द संत पौलास करिंथ येथील मंडळीची कानउघाडणी करावी लागली; कारण तेथें कांहींजण आधींच पोटभर जेवून घेत आणि गरीब भाऊ उपाशी राहत. तात्पर्य, पंगत मांडली म्हणजे प्रीति आपोआप येते असें नव्हे. पंगत कशी मांडली, हाच खरा प्रश्न आहे.

आतां प्रत्यक्ष कामाकडे येऊं. त्याचे चार भाग करतां येतील.

पहिला भाग यादीचा. नाताळच्या आधीं तीन आठवडे कागद घेऊन बसावें. डावीकडे येणाऱ्यांचीं नांवें लिहावीं, उजवीकडे प्रत्येकाची अडचण: कोणास मधुमेह आहे, कोणास तिखट चालत नाहीं, कोण शाकाहारी आहे, कोणास जमिनीवर बसवत नाहीं. मग खालीं एक रेघ ओढून असें एक नांव लिहावें, कीं ज्याला कोणीच बोलाविणार नाहीं: वसतिगृहांत राहिलेला परगांवचा विद्यार्थी, एकटी राहणारी निवृत्त परिचारिका, नवीन बदली होऊन आलेला रेल्वेचा नोकर. जे परत बोलावूं शकत नाहींत त्यांस बोलवा, ही प्रभूची शिकवण लूकाच्या शुभवर्तमानांत आहे. ती पाळण्यास याहून सोपा दिवस कोणता?

दुसरा भाग गणिताचा. समजा, मोठीं माणसें १४ आणि मुलें ८ आहेत. दोन मुलें म्हणजे एक मोठें माणूस असें धरलें तर एकूण १८ पानें झालीं. इतर पदार्थ आहेत असें गृहीत धरून दर पानास ७५ ग्रॅम तांदूळ घेतले, तर १ किलो ३५० ग्रॅम होतात. दीड किलो आणावेत. पोळ्या दर पानास २ म्हणजे ३६, चाळीस कराव्यात. मोठ्यांपैकीं दोघे शाकाहारी असतील तर मटण १६ पानांचें; हाडासह २०० ग्रॅम प्रमाणें ३ किलो २०० ग्रॅम. हा हिशेब आठवी-नववीच्या मुलांनीं घरीं करून द्यावा. अंदाजानें दुप्पट आणून निम्में फेंकणें हें औदार्य नव्हे. आणि कर्ज काढून सण करणें हाही शहाणपणा नव्हे. एक रस्सा, एक उसळ, वरण, भात, पोळी, कोशिंबीर आणि एक गोड पदार्थ, एवढें पहिल्या पंगतीस पुष्कळ झालें.

तिसरा भाग घड्याळाचा. जेवणाच्या वेळेपासून उलट मोजीत यावें. पान १ वाजतां वाढावयाचें आणि उपासना ११ वाजतां सुटावयाची, असें धरूं. मग फराळ २२ तारखेपर्यंत डब्यांत भरलेला असावा. कांदा-खोबऱ्याचें वाटण आदल्या संध्याकाळीं करून थंड कपाटांत ठेवावें. मटणास आलें, लसूण, हळद व मीठ लावून तेंही तेथेंच ठेवावें. उपासनेहून आल्यावर सव्वाअकरास रस्सा मंद आंचेवर चढवावा, म्हणजे पाऊण वाजेपर्यंत मांस शिजतें. दुसऱ्या शेगडीवर साडेअकरा ते साडेबारा पोळ्या, त्यानंतर भात. शेजारची एक शेगडी मागून आणली तर वरण व उसळ तीवर होतात. ह्या आंखणींत एक नियम मुख्य आहे: स्वयंपाकाकरितां घरांतील एकाही बाईची उपासना बुडतां कामा नये. ज्याचा जन्मोत्सव, त्याच्याच दर्शनास घरची माउली मुकली, तर तो उत्सव कसला?

येथेंच आरोग्याचीही एक गोष्ट सांगतों. "नाशिकची थंडी आहे, अन्न टिकेल" असें म्हणण्याची आपणांस संवय आहे. डिसेंबरांत पहांटे गारठा असला तरी दुपारीं ऊन चांगलें तापतें. शिजविलेला भात उघड्यावर राहिला तर त्यांत शिजण्यानेंही न मरणारे कांहीं सूक्ष्म जंतु वाढतात व विष तयार करितात. तें विष पुन्हां तापविल्यानेंही जात नाहीं. म्हणून उरलेलें अन्न दोन तासांच्या आंत पसरट भांड्यांत निववून थंड कपाटांत ठेवावें. कच्च्या मटणाची सुरी व पाट कोशिंबिरीस वापरूं नयेत.

चौथा भाग बैठकीचा. आणि आमच्या मतें हाच सर्वांत कठीण आहे. आमच्याच घरचा अनुभव सांगितल्यावांचून तो स्पष्ट होणार नाहीं. वीसाहून अधिक वर्षें आमच्याकडील नाताळची पंगत थोरल्या वहिनींच्या घरीं होत असे. पुरुष आणि मुलें आधीं जेवत. वहिनी सर्वांचें झाल्यावर, तीन वाजण्याच्या सुमारास, थंड भात घेऊन बसत. गेल्या वर्षीं त्यांचे गुडघे अगदींच थकले आणि पंगत प्रथमच आमच्याकडे, नाशिक रोडला, आली. त्यांच्या सूनबाई शाकाहारी हिंदु घराण्यांतील आहेत. लग्नास दोन वर्षें होऊन गेलीं, तरी सूनबाईंच्या मातोश्रींनीं वहिनींच्या घरीं पाण्याचा थेंबही घेतला नव्हता. त्यांस बोलवावें कीं नाहीं, याचा घरांत बराच खल झाला. "त्या आल्या नाहींत तर अपमान आपलाच," असें कांहींचें म्हणणें पडलें. आमच्या मंडळींनीं मात्र स्वतः जाऊन आमंत्रण दिलें, आणि "आपलें वरण-भात नव्या भांड्यांत, निराळ्या शेगडीवर करूं," असें सांगितलें. त्यावर आमचे एक पुतणे म्हणाले, "त्यांचें सोवळें आपण कां पाळावें?" आम्हीं उत्तर दिलें, "सोवळें पाळणें निराळें आणि पाहुण्याच्या घशाखालीं घांस उतरेल अशी सोय करणें निराळें. पहिलें भीतीनें होतें, दुसरें मायेनें."

त्या दिवशीं नियम असा केला कीं, वहिनींनीं पहिल्या पंगतीस बसावयाचें आणि वाढपी पुरुष व मोठीं मुलें असावयाचीं. वहिनी पानावर बसल्या खऱ्या, पण हातांस काम नाहीं म्हणून त्या सारख्या पदर सांवरीत होत्या. विहीणबाई आल्या होत्या. त्या दाराजवळ खुर्चीवर बसून हें पाहत होत्या. तुपाची वाटी घेऊन आमचा मुलगा पंगतींत आला, तोंच त्या उठल्या, त्याच्या हातची वाटी घेतली आणि वहिनींच्या भातावर तूप वाढून म्हणाल्या, "विहीणबाई, सावकाश होऊं द्या." मग त्यांनीं वहिनींच्या शेजारीं पान मांडावयास सांगितलें. जेवतांना मध्येंच त्यांनीं पाणी मागितलें, आणि तें सूनबाईंनीं आणून दिलें. यावर कोणी भाषण केलें नाहीं, कोणी टाळ्याही पिटल्या नाहींत. मुलें तर केकच्या वांटणीबद्दल भांडत होतीं. परंतु दोन घरांमधील दोन वर्षांचें मौन त्या दिवशीं सुटलें, आणि वहिनींनीं कित्येक वर्षांत प्रथमच नाताळचा भात ऊन असतांना खाल्ला.

आतां विद्यार्थ्यांस चार कामें नेमून देतों. मुलग्यांनीं पानें मांडावीं, पाणी भरावें, वाढावें आणि नंतर भांडीं घासावीं. हें 'मुलींचें काम' असें म्हणणाऱ्यानें प्रभूनें शिष्यांचे पाय धुतले ती गोष्ट पुन्हां वाचावी. मुलींनीं हिशेबाची वही ठेवावी. सर्वांत धाकट्यानें जेवणापूर्वींची प्रार्थना म्हणावी. ती लहान असावी, कारण भात निवतो. आणि सर्वांनीं मिळून एक गोष्ट पाहावी: शेवटचें माणूस जेवावयास बसलें कीं नाहीं.

पालकांस आमची विनंति इतकीच कीं, पहिल्या पंगतींत मीठ कमी पडेल, एखादी पोळी करपेल, केक मध्यें खचेल; त्याबद्दल सुनेला किंवा लेकीला शब्द लावूं नये. पदार्थाची चव दुसऱ्या दिवशीं विसरते, पण कोणास कोठें बसविलें हें माणसें वर्षानुवर्षें विसरत नाहींत. गव्हाणींत जन्मलेल्या बाळाला धर्मशाळेंत जागा मिळाली नव्हती. आपल्या पंगतींत एक पान अधिक मांडून ठेविलें, तर त्या उणिवेची थोडीशी तरी भरपाई आपल्या हातून होईल.