सगळ्यात आधी घड्याळ बघा

इंजिनिअरिंगला प्रवेश घेतला की घरच्यांकडून एक पदवी फुकट मिळते, ती म्हणजे बिघडलेल्या सगळ्या मशिनींचा डॉक्टर! मागच्या वर्षी ही डॉक्टरकी माझ्या अंगावर आली, त्यातून जे शिकलो ते इथे लिहितो.

शनिवारी दुपारी होस्टेलवर बहिणीचा फोन आला. तिच्या प्रवेशाच्या फॉर्मची सोमवारी शेवटची तारीख होती आणि घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर एकही साइट उघडत नव्हती.

“दादा, एरर येतोय.”

“काय लिहिलंय?”

“इंग्रजीत कायतरी होतं, मी बंद केलं.”

एका दुकानदाराने फोनवरच निकाल देऊन टाकला होता : मदरबोर्ड गेला, नवीन घ्या. पप्पांनी दुधाच्या बिलाचे पैसे मोजायला काढले होते. मी संध्याकाळची गाडी पकडली आणि हातकणंगले स्टेशनवर उतरलो.

मेसेज पूर्ण वाचा

ब्राउजरचे एरर साधारण तीन घराण्यांतले असतात. साइटचा पत्ताच सापडत नाही, हा डीएनएसचा प्रश्न. पत्ता सापडतो पण उत्तर येत नाही, हा जोडणीचा किंवा सर्व्हरचा प्रश्न. आणि उत्तर येतं पण ब्राउजरचा त्यावर विश्वास बसत नाही, हा सर्टिफिकेटचा प्रश्न. तिन्हींचे उपाय वेगळे, म्हणून मेसेज न वाचता बंद करणं म्हणजे पेशंटने दुखतंय कुठे ते न सांगणं.

मी आधी नेट तपासलं. कॉम्प्युटरला नेट आईच्या फोनवरून केबलने दिलं होतं. फोनवर तीच साइट उघडली, म्हणजे नेट आणि साइट दोन्ही ठीक. (फॉर्म फोनवर नीट दिसत नव्हता, नाहीतर गोष्ट इथेच संपली असती.) मग कमांड प्रॉम्प्टवर ८.८.८.८ ला पिंग केलं, उत्तर आलं. साइटच्या नावाने पिंग केल्यावर नावाचा आकड्यांतला पत्ताही मिळाला. म्हणजे डीएनएसही सुटला. नुसत्या आकड्याला उत्तर येतं आणि नावाचा पत्ता मिळत नाही, तेव्हाच डीएनएसवर संशय घ्यावा.

शेवटी क्रोमचा मेसेज शांतपणे वाचला. त्यात सरळ लिहिलं होतं : तुमचं घड्याळ मागे आहे. कोपऱ्यात बघतो तर तारीख १ जानेवारी २००९!

तारखेचा आणि साइटचा संबंध काय?

सुरक्षित साइट आपलं सर्टिफिकेट दाखवते. त्यावर दोन तारखा असतात, कधीपासून आणि कधीपर्यंत. ब्राउजर त्या आपल्या कॉम्प्युटरच्या घड्याळाशी ताडून पाहतो. घड्याळ २००९ मध्ये असेल तर आजचं सर्टिफिकेट त्याला अजून जन्माला न आलेलं वाटतं. तारीख इतकी मागे असली की विंडोज इंटरनेटवरून वेळ जुळवायलाही बऱ्याचदा नकार देतं, आधी हाताने दुरुस्त करावी लागते. मी केली. साइट उघडली, अर्धा फॉर्म भरून झाला आणि मी विजयी वीरासारखा झोपलो.

रविवारी सकाळी पुन्हा २००९.

पप्पा म्हणाले, “आरं, ते रोज सुरू करताना एफ १ दाबायला लागतंय.” कित्येक महिने ते दाबत होते! त्यांना वाटायचं कॉम्प्युटर असाच सुरू होतो. तो मेसेज सीमॉस बॅटरीचा होता. कॉम्प्युटर बंद असला तरी भिंतीवरचं बटण चालू असेल तर पॉवर सप्लायमधून थोडी वीज येत राहते आणि त्यावर घड्याळ चालतं. पप्पा रात्री बोर्डावरचं बटण बंद करतात. मग घड्याळ सांभाळायचं काम एकट्या सेलवर येतं आणि आमचा सेल संपलेला होता.

हा सेल सीआर २०३२ नावाचा. नावातच माप आहे : व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२ मिलिमीटर. व्होल्टेज ३. घड्याळजीकडे चाळीस रुपयांना मिळाला. प्लग काढला, हात कॅबिनेटच्या लोखंडाला लावून अंगातली स्टॅटिक वीज घालवली, खाच दाबून जुना सेल काढला, नवीन अधिकची बाजू वर ठेवून बसवला. बायोसमध्ये तारीख घालून सेव्ह केली. मदरबोर्ड बरा झाला!

दुसरा एरर

फी भरायच्या पानावर पुन्हा अडलं. या वेळी तारखेची तक्रार नव्हती. सर्टिफिकेट देणारी संस्था ओळखीची नाही, असं होतं. खाली ‘तरीही पुढे जा’ असा पर्याय. बहिणीचा माउस तिथे पोचलाही होता. मी तिचा हात धरला.

या मेसेजचे दोन अर्थ होतात. एक तर आपल्या मशीनमधली विश्वासू संस्थांची यादी जुनी असेल, किंवा मध्ये खरंच कुणीतरी बसलं असेल. पुढे जाऊन कार्ड नंबर टाकला तर आपण कोणाला दिला ते कळणार नाही. त्याच नेटवर तेच पान फोनमध्ये आणि स्वतःची यादी बाळगणाऱ्या फायरफॉक्समध्ये बिनतक्रार उघडलं. म्हणजे जुनं होतं ते आमचं विंडोज ७, आणि त्याचे अपडेट मीच कधीतरी बंद करून ठेवले होते. असा प्रकार ३० सप्टेंबर २०२१ ला जगभर झाला होता. लेट्स एन्क्रिप्टच्या सर्टिफिकेटांना आधार देणाऱ्या एका जुन्या मूळ सर्टिफिकेटची मुदत त्या दिवशी संपली आणि जुन्या मशिनींवर चांगल्या साइटही अडल्या.

फी आम्ही फोनवरून भरली. विंडोज ७ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपला, आणि क्रोमची त्यावर चालणारी शेवटची आवृत्ती १०९, ती २०२३ ची. असं मशीन टायपिंगला, फॉर्मला, गाण्यांना चालेल, बँकेला नाही. हे पप्पांना समजावून सांगितलं आणि कॉम्प्युटरवर कागद चिकटवला.

तेव्हा होस्टेलवरच्या मित्रांनो, घरून फोन आला तर आधी म्हणा, “मेसेजचा फोटो पाठवा.” मग घड्याळ बघा, मग नेट, मग दुसरा ब्राउजर, खर्चाचं सगळ्यात शेवटी. आणि इशारा ओलांडून कार्डाचा नंबर कधीही टाकू देऊ नका. बहिणीचा फॉर्म रविवारी रात्रीच गेला. दुधाच्या बिलाचे पैसे वाचले, चाळीस रुपये सोडून!